नुसत्या ऑक्सिजननं भागत नाही

बारावी कॉमर्सच्या विद्यार्थ्याला हेन्री फेयॉल हे नाव चुकवता येत नाही. व्यवस्थापनाची १४ तत्त्वं, कामाची विभागणी, एका कर्मचाऱ्याला एकच वरिष्ठ, वगैरे वगैरे. परीक्षेत ती ओळीनं लिहायची आणि पेपर संपला की विसरायची. हे फेयॉल मुळात खाण अभियंता होते, हे एखाद्या वाक्यात उरकलेलं असतं. १८४१ साली इस्तंबूलमध्ये जन्मलेले फेयॉल फ्रान्समधल्या सेंट-एतियेनच्या खाणशाळेत शिकले आणि १८६० मध्ये कोमाँत्री या गावच्या कोळसा खाणीवर रुजू झाले. भूमिगत कोळशाला लागणाऱ्या आगी ही तिथली रोजची डोकेदुखी होती. ती निस्तरण्यात त्यांनी नाव कमावलं आणि सहा वर्षांत ते खाणीचे व्यवस्थापक झाले.

कोळसा काढता काढता त्यांना एक वेगळाच प्रश्न छळू लागला. हा कोळसा इथं आला कसा? झाडं जिथं उगवली तिथंच गाडली गेली, की नद्यांनी ती वाहून आणून एखाद्या तळ्यात लोटली? फेयॉल यांचं मत दुसऱ्या बाजूचं होतं. कोमाँत्रीत एकेकाळी डोंगरांनी वेढलेलं तळं होतं, नद्या त्यात गाळ आणि झाडंझुडपं आणून टाकत होत्या आणि नद्यांच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश तयार होत होता, असं त्यांनी मांडलं. हे पटवायचं तर पुरावा हवा. मग खाणीतल्या खडकांत दिसणाऱ्या पानांचे, माशांचे, किड्यांचे ठसे जमवायला सुरुवात झाली. वनस्पती एकाकडे, मासे दुसऱ्याकडे अशी तज्ज्ञांमध्ये वाटणी झाली. कामाची विभागणी हे तत्त्व पुढं पुस्तकात आलं, त्याआधी ते इथं वापरून झालं होतं म्हणायचं.

किडे आले शार्ल ब्राँन्यार यांच्या वाट्याला. पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयातला हा तरुण संशोधक तेव्हा विशीत होता. घराणं भूशास्त्रज्ञ आणि वनस्पतिशास्त्रज्ञांचं. ज्युरासिक हा शब्द भूशास्त्रात रुळवणारे अलेक्सांद्र ब्राँन्यार याच घरातले. कोमाँत्रीच्या कार्बोनिफेरस काळातल्या शेल खडकात १८८० मध्ये एका कीटकाच्या पंखांचे ठसे मिळाले होते. मोजमाप करणाऱ्याला आपल्याच मोजपट्टीवर विश्वास ठेवणं जड जावं, असे ते पंख होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विस्तार सुमारे ६५ ते ७० सेंटिमीटर भरत होता. १८८५ मध्ये ब्राँन्यार यांनी त्याला मेगान्युरा हे नाव दिलं. ज्या कुळाबद्दल हा लेख आहे ते मेगान्युरिडी, याच प्राण्याच्या नावावरून ओळखलं जातं. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात त्यांनी या कीटकाचं मूळ आकाराचं चित्रही छापलं. पुढं ते फार जगले नाहीत. १८९९ मध्ये, चाळिशीच्या सुमारास, त्यांचं निधन झालं.

इंटरनेटवरची चित्रं पाहिली तर मेगान्युरा गरुडाएवढा वाटतो. गरुडाला इथं आणायची गरज नाही. आपल्या गच्चीवर येणारा पारवा पंख पसरतो, तेवढाच हा विस्तार. किडा म्हणून तो अफाटच आहे. पावसाळा ओसरताना मैदानांवर थव्यानं घिरट्या घालणारा पिवळसर चतुर पंख पसरून आठ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. आज जगात जिवंत असलेल्या या गटातला सर्वांत लांब पंखांचा कीटक मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात राहतो. तो टाचणीच्या जातकुळीतला असून त्याच्या पंखांचा विस्तार १९ सेंटिमीटरपर्यंत जातो. म्हणजे कोमाँत्रीच्या प्राण्याच्या तिसऱ्या हिश्शालाही तो पोचत नाही.

मेगान्युरापेक्षाही किंचित मोठा प्राणी अमेरिकेत सापडला. हार्वर्डचे फ्रँक कार्पेंटर यांचं सारं आयुष्य जीवाश्म कीटकांत गेलं. कॅन्सस राज्यातल्या एल्मो या ठिकाणच्या, कोमाँत्रीपेक्षा थोड्या अलीकडच्या पर्मियन काळातल्या खडकातून त्यांनी १९३९ मध्ये मेगान्युरॉप्सिस पर्मियाना या जातीचं वर्णन केलं. तिचा एक पंख सुमारे ३३ सेंटिमीटर लांब असावा आणि पूर्ण विस्तार ७१ सेंटिमीटरच्या घरात, असा हिशेब निघाला. आजवर माहीत झालेल्या उडणाऱ्या कीटकांत हाच सर्वांत मोठा धरला जातो.

इथं ‘असावा’ आणि ‘हिशेब’ हे शब्द मुद्दाम वापरले आहेत. या कुळातल्या बहुतेक जाती केवळ पंखांवरून माहीत आहेत, आणि तेही अनेकदा अर्धवट पंखांवरून. कीटक मेला की त्याचं मऊ शरीर कुजतं, मासे खातात, सांधे सुटतात. पंख मात्र कोरडा, पातळ आणि चिवट. तो पाण्यावर तरंगत जातो, गाळात बसतो आणि शिरांचा नकाशा दगडावर सोडून जातो. तुकड्यावरून पूर्ण पंख आखायचा, पंखावरून शरीर, शरीरावरून वजन. प्रत्येक पायरीला अंदाज वाढत जातो. त्यामुळं वजनाचे आकडे काहींच्या मते शंभरेक ग्रॅम, तर काहींनी थेट साडेचारशेपर्यंत मजल मारली आहे. माझ्या मते वरचा आकडा विसरून जावा. चतुराच्या बांध्याचं पोट लांब असलं तरी बारीक असतं आणि आत हवेच्या पिशव्यांची जागा बरीच असते.

आता हे प्राणी चतुर होते का? दुरून पाहिलं तर होय. चार लांब पंख, ते पाठीवर घडी घालून मिटता येत नाहीत, लांब पोट, मोठे डोळे. पण एखाद्या मेलेल्या चतुराचा पंख उचलून उजेडाकडे धरून पाहा. पुढच्या कडेवर, साधारण मध्यावर, एक छोटी खाच दिसते. तिथं कडेची शीर अडते आणि पंखाला एक सांधा मिळतो. उडताना पंख पिळला जातो तेव्हा ही खाच ताण झेलते आणि पिळाला वाट करून देते. आणखी पुढं, टोकाजवळ, त्याच कडेवर एक गडद, भरीव ठिपका असतो. तो शोभेचा नाही. स्वीडनचे नॉरबर्ग यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की चतुराच्या वजनाच्या हजाराव्या भागाइतकं वजन असलेला हा ठिपका, तरंगत जाताना पंख थरथरू नये म्हणून योग्य जागी ठेवलेलं वजन आहे. त्याच्यामुळं चतुर पंख न फडफडू देता १० ते २५ टक्के अधिक वेगानं तरंगू शकतो.

मेगान्युरिडी कुळाच्या पंखांवर हा ठिपका नाही आणि खाचही आजच्यासारखी घडलेली नाही. शिरांचं जाळं दाट आहे, पण त्यातली ही दोन यंत्रं नंतरची. म्हणून शास्त्रज्ञ या कुळाला खऱ्या चतुरांत धरत नाहीत. त्यांना एका वेगळ्या, पूर्णपणे नामशेष झालेल्या गणात ठेवलं जातं. नात्याच्या भाषेत सांगायचं तर हे आजच्या चतुरांचे आजे-पणजे नव्हेत, चुलत घराणं आहे. त्या काळीही या सगळ्या गोतावळ्यात लहान पंखांचे प्राणी होते, आणि आजचे चतुर-टाचण्या अशाच एखाद्या लहान शाखेतून पुढं आल्या. ‘पूर्वी चतुर दीड हात असायचे, आता लहान झाले’ असं सर्रास लिहिलं जातं, ते म्हणूनच बरोबर नाही. मोठी शाखा संपली, बारकी शाखा टिकली.

चुलत घराण्यातला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो लग्नात. चतुर-टाचण्यांची जोडी पाणवठ्यावर पाहिली असेल तर त्यांचा तो विचित्र आकडा लक्षात राहतो. नर पोटाच्या शेवटच्या चिमट्यानं मादीची मान धरतो आणि मादी आपलं पोट वाकवून नराच्या पोटाच्या सुरुवातीला टेकवते. कारण नराचं बीज तयार होतं शेवटाला, पण ते तो आधीच पुढं, पोटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वळ्याखालच्या खास अवयवात भरून ठेवतो. प्राणिसृष्टीत ही रीत दुसरीकडे कुठं फारशी आढळत नाही. मग ती कधी सुरू झाली? याचं उत्तर जर्मनीतल्या हागेन-फोरहाल इथल्या विटांच्या मातीच्या खाणीत सापडलं. तिथल्या सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात नामुरोटायपस नावाचा, ३० सेंटिमीटरहून जरा अधिक पंखविस्ताराचा एक नर इतका नीट जपला गेला होता की त्याच्या पोटाचं बारकाईनं निरीक्षण करता आलं. पुढचा तो अवयव त्याच्याकडे नव्हताच. गुप्तांग होतं ते जुन्या पद्धतीचं, पोटाच्या शेवटी. २००१ मध्ये त्याचा अभ्यास मांडणाऱ्यांनी असा तर्क केला की हे नर बहुधा बीजाची पुडी जमिनीवर ठेवत असावेत आणि मादी ती उचलत असावी. जुन्या पुस्तकांत सापडणारी कसर आजही जवळपास तसंच करते. पाणवठ्यावरची ती कसरत नंतरची.

शिकारी म्हणून हे कसे होते, याचा अंदाज बराच काळ हवेतच होता. २०१८ मध्ये आंद्रे नेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोमाँत्रीच्याच एका जुन्या नमुन्याकडे नव्यानं पाहिलं. मेगान्युराइटीस ग्रॅसिलिपीस हे त्याचं नाव. यात पंखांबरोबर डोकं आणि पायही शिल्लक होते. डोळे अवाढव्य आणि डोक्याच्या वरच्या बाजूला पसरलेले. आज सतत उडत राहून हवेतच भक्ष्य पकडणाऱ्या चतुरांचे डोळे असेच असतात. वरून जाणारा किडा आभाळाच्या पार्श्वभूमीवर टिपायचा आणि खालून झडप घालायची, ही त्यांची पद्धत. जबड्यांना तीक्ष्ण दात आणि पायांवर मजबूत काटे. काटेरी पाय पुढं एकत्र धरले की पकडलेलं भक्ष्य सुटत नाही. या साऱ्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की हे प्राणी घनदाट झाडीत फांद्यांमधून वाट काढत शिकार करत नसत. तळ्यावर, मोकळ्या जागेत किंवा झाडांच्या शेंड्यांवर ते घिरट्या घालत असावेत. असे लांब, ताठ पंख घेऊन दाट झाडीत शिरणं अवघडच होतं, हे साधं गणितही त्याला जुळतं.

भक्ष्याला तोटा नव्हता. झुरळांच्या पूर्वजांसारखे दिसणारे किडे होते. सोंडेनं झाडांचा रस किंवा बिया शोषणारे, सहा पंखांचा भास व्हावा असे विचित्र कीटक होते. त्यांतले काही स्वतःच अर्धा मीटर विस्ताराचे. मेगान्युरा बेडूक आणि सरडेही खात असे, असं छापलेलं असतं, त्याला मात्र हातात काही पुरावा नाही.

एवढा किडा होऊच कसा शकला, या प्रश्नावर शाळकरी मुलंही आता एका शब्दात उत्तर देतात: ऑक्सिजन. हे उत्तर चुकीचं नाही. पण ते ज्या खात्रीनं दिलं जातं ती खात्री पुराव्यात नाही, आणि ती कुठं कमी पडते हे पाहण्यातच खरी गंमत आहे.

आधी उत्तराची बाजू. कीटकांना फुप्फुसं नसतात. अंगाच्या दोन्ही कडांना बारीक छिद्रं असतात, त्यांतून नळ्या आत जातात, त्यांना फाटे फुटत जातात आणि शेवटची टोकं थेट स्नायूंच्या पेशींपाशी पोचतात. रक्ताला ऑक्सिजन वाहून नेण्याचं काम जवळजवळ नाही. हवाच नळीतून मुक्कामी जाते. उडणारे कीटक पोट आकुंचन-प्रसरण करून ही हवा खेळवतात, पण शेवटचा टप्पा ऑक्सिजननं स्वतःहून झिरपत पार करायचा असतो. शरीर वाढलं की नळ्या लांबतात, झिरपणं मंदावतं. ते भरून काढायला नळ्या रुंद आणि जास्त करायच्या, तर स्नायूंना, पचनाला, अंड्यांना जागा उरत नाही. २००७ मध्ये अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या शक्तिशाली झोतात चार जातींच्या भुंगेऱ्यांची आतली रचना पाहिली गेली. मोठ्या भुंगेऱ्यात शरीराचा नळ्यांना दिलेला वाटा छोट्यापेक्षा जास्त निघाला. खरी अडचण दिसली ती पाय धडाला जोडतो त्या अरुंद जागेत. तिथून नळी किती रुंद जाईल याला मर्यादा आहे. त्यावरून भुंगेऱ्यांची कमाल लांबी १५ सेंटिमीटरच्या आसपास यावी, असा अंदाज निघाला. आजचा जगातला सर्वांत लांब भुंगेराही साधारण तेवढाच आहे.

आता त्या काळची हवा. कार्बोनिफेरस काळात विषुववृत्ताजवळच्या दलदलीत उंच झाडांची जंगलं माजली होती. ती मरत, चिखलात गाडली जात आणि पूर्णपणे कुजत नसत. कुजताना जो ऑक्सिजन खर्च व्हायचा तो हवेतच राहिला. तो गाडलेला कार्बन म्हणजे युरोप-अमेरिकेतला कोळसा. (चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसा याचा भाऊ नव्हे. तो नंतरच्या पर्मियन काळातला आणि दक्षिणेकडच्या गोंडवन खंडावर, ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वेगळ्याच झाडांपासून बनलेला.) येल विद्यापीठाचे रॉबर्ट बर्नर यांनी गाडल्या गेलेल्या कार्बन आणि गंधकाचा जमाखर्च मांडला. त्यांच्या हिशेबात ३० कोटी वर्षांपूर्वीच्या आगेमागे हवेतला ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या वर गेला होता. आज तो २१ टक्के आहे. ऑक्सिजन वाढला म्हणजे एकूण हवाही थोडी दाट झाली, आणि दाट हवेत पंखांना आधार जास्त मिळतो. दाट हवेची कल्पना तर फार जुनी आहे. फ्रान्समधल्या एदुआर आणि आंद्रे हार्ले यांनी १९११ मध्येच लिहिलं होतं की एवढे उडणारे प्राणी आजच्या दाबाच्या हवेत शक्य दिसत नाहीत.

प्रयोगही झाले. अ‍ॅरिझोनात जॉन व्हँडनब्रुक्स आणि सहकाऱ्यांनी चतुर ३१ टक्के ऑक्सिजनच्या हवेत वाढवले. चतुर पाळणं म्हणजे दिव्यच, कारण त्याच्या पिल्लांना जिवंत भक्ष्य लागतं आणि ती एकमेकांनाही खातात. ते चतुर नेहमीपेक्षा सुमारे १५ टक्के मोठे झाले. पण त्याच प्रयोगांत झुरळं मोठी झाली नाहीत. उलट त्यांची वाढ सावकाश झाली. जास्त ऑक्सिजन मिळाल्यावर त्यांच्या नळ्या अरुंद राहिल्या. म्हणजे एकाच हवेत एक किडा आकार वाढवतो आणि दुसरा नळ्यांची बचत करून तेवढाच राहतो.

याहून मोठी अडचण काळाची आहे. इंग्लंडमध्ये नॉर्थंबरलँडच्या किनाऱ्यावर २०१८ मध्ये आर्थ्रोप्ल्युरा या महाकाय सहस्रपाद प्राण्याचं कवच सापडलं. लांबी अंदाजे २.६ मीटर, वय सुमारे ३२.६ कोटी वर्षं. ऑक्सिजन शिखराला पोचण्याच्या कितीतरी आधी. त्याला मोठं व्हायला ३० टक्क्यांची वाट पाहावी लागली नाही. दुसऱ्या टोकाला, दक्षिण फ्रान्समधल्या लोदेव्ह इथं पर्मियन काळाच्या उत्तरार्धातले या कुळाचे मोठाले पंख मिळाले. बर्नर यांच्या हिशेबाप्रमाणं तोपर्यंत ऑक्सिजन बराच उतरलेला असायला हवा होता. आंद्रे नेल यांच्या गटानं २००८ मध्ये यावर बोट ठेवलं. ऑक्सिजनच्या बाजूनं यालाही उत्तर आहे. ग्लासपूल आणि स्कॉट यांनी २०१० मध्ये कोळशातल्या लोणारी कोळशाच्या, म्हणजे प्राचीन वणव्यांच्या, प्रमाणावरून ऑक्सिजन मोजला, तेव्हा पर्मियनभर तो चढाच निघाला. दोन पद्धतींचे आकडे जुळत नाहीत तोवर लोदेव्हचे पंख कुणाच्याच पारड्यात पक्के टाकता येत नाहीत.

आणि सगळेच किडे मोठे का झाले नाहीत? त्याच कोमाँत्रीच्या खडकांत बोटाच्या पेरापेक्षा लहान पंखांचे कीटक ढिगानं आहेत. हवा सर्वांना एकच होती. मला वाटतं, इथं ‘मुभा’ आणि ‘कारण’ या दोन गोष्टींची गल्लत होते. जास्त ऑक्सिजननं मोठं होण्याची मुभा दिली. पण मुभा मिळाली म्हणून कुणी वाढत नाही. वाढण्यात फायदा असावा लागतो.

तो फायदा शिकारीत होता. हवेत पाठलाग करणाऱ्याला वेग लागतो, आणि मोठा, लांब पंखांचा प्राणी अधिक वेगानं तरंगतो. भक्ष्य मोठं होत गेलं तसा शिकारीही मोठा होत गेला असणार. शिवाय मोठ्या, कमी चपळ उडणाऱ्याला जे भय असतं ते इथं नव्हतं. पक्षी नव्हते, वटवाघळं नव्हती. पंख मारून उडणारे पहिले कणाधारी म्हणजे टेरोसॉर, ते ट्रायासिक काळाच्या उत्तरार्धात आले. तोवर आभाळ नऊ-दहा कोटी वर्षं फक्त कीटकांचं होतं. जीवाश्म कीटकांचे अभ्यासक गुंटर बेखली यांनी हा मुद्दा ऑक्सिजनपेक्षा महत्त्वाचा ठरवला. मला तो एकटा पुरेसा वाटत नाही, कारण शत्रू नसणं हीसुद्धा एक मुभाच.

दोन्ही बाजूंना एकत्र तोलणारा अभ्यास २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॅथ्यू क्लॅपम आणि जेरेड कार यांनी केला. त्यांनी १०,५०० हून अधिक जीवाश्म कीटकांच्या पंखांची लांबी जमवली आणि प्रत्येक काळातला सर्वांत मोठा पंख ऑक्सिजनच्या आलेखाशेजारी मांडला. पहिली १५ कोटींहून अधिक वर्षं दोन्ही रेषा बऱ्यापैकी हातात हात घालून चालतात. मग, पक्षी अवतरल्यानंतर, फारकत होते: ऑक्सिजन चढतो आणि पंख लहानच होत जातात. चपळ पक्ष्यापासून सुटायचं तर झटकन वळता आलं पाहिजे, आणि लहान शरीर ते करू शकतं. हा आलेख सर्वांत मोठ्या पंखांचा आहे, सरासरीचा नाही, हे लक्षात ठेवलं की तो मुभेबद्दलच बोलतो हे कळतं. कमाल मर्यादा आधी हवेनं ठरवली, नंतर पक्ष्यांनी.

मेगान्युरिडी मात्र पक्ष्यांपर्यंत पोचलेच नाहीत. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी पर्मियन काळ संपताना जे महासंहाराचं सत्र झालं, त्याच्या पलीकडे हे कुळ दिसत नाही. सायबेरियातल्या ज्वालामुखीय लाव्ह्यानं हवामान विस्कटलं, जमिनीवरची जंगलं कोसळली, कीटकांचीही कधी नव्हे एवढी हानी झाली. मोठ्या शिकाऱ्याची संख्या मुळात कमी असते, वाढायला वेळ लागतो आणि खाण्याची साखळी तुटली की तो आधी जातो. इथं वेगळं काही शोधायला नको.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट राहून जाते, आणि ती माझ्या मते सर्वांत मोठी आहे. पंख फुटल्यावर चतुर वाढत नाही. त्याचं पिल्लू, म्हणजे निम्फ, पाण्याखाली महिनोन्महिने, काही जातींत वर्षानुवर्षं, कात टाकत वाढतं. ते बाहेर येऊन शेवटची कात टाकतं तेव्हा जो आकार मिळतो तोच शेवटचा. चुलत घराण्यातही हेच असेल तर ७० सेंटिमीटरच्या पंखांचा निर्णय आभाळात झालेलाच नाही. तो निम्फच्या आयुष्यात झाला. मग प्रश्न बदलतो: ते पिल्लू कुठं राहत होतं आणि श्वास कसा घेत होतं?

ते पाण्यात असेल तर हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो. पाण्यात ऑक्सिजन हवेपेक्षा फार कमी असतो आणि पाणी गरम झालं की तो आणखी घटतो. नेदरलँडचे विल्को व्हर्बर्क आणि ब्रिटनचे डेव्हिड बिल्टन यांनी २०११ मध्ये पाण्यात वाढणाऱ्या स्टोनफ्लायच्या पिल्लांवर प्रयोग करून एक उलटा मुद्दा पुढं आणला. ऑक्सिजन कमी पडला तर जीव जातो तसा जास्त झाला तर तो विषासारखा बाधतो. छिद्रं उघडझाप करून प्रौढ कीटक तो रोखू शकतो. पाण्यातलं, त्वचेतून श्वास घेणारं पिल्लू तेवढं रोखू शकत नाही. शरीर मोठं झालं तर आकाराच्या मानानं त्वचेचं क्षेत्रफळ कमी पडतं आणि आत येणारा ऑक्सिजन आपोआप आटोक्यात राहतो. म्हणजे ऑक्सिजननं मोठं होण्याची मुभा दिली असं म्हणण्याऐवजी, ऑक्सिजनपासून बचाव म्हणून पिल्लं मोठी झाली, असंही चित्र निघू शकतं. हे सिद्ध झालेलं नाही, पण ‘मुभा’ जिथं ‘कारण’ बनू शकते अशी ही एकच जागा मला दिसते.

तपासायचं कशावर? मेगान्युराचं निम्फ म्हणून सगळ्यांनी मान्य केलेला एकही जीवाश्म आजवर नाही. ते पाण्यात होतं की ओल्या जमिनीवर, यावरही एकमत नाही. कोमाँत्री, एल्मो, हागेन-फोरहाल, लोदेव्ह, सगळीकडून पंख आले, पिल्लू नाही. या कुळावर काम करणाऱ्यांना आणखी एक सेंटिमीटर लांब पंख मिळाला तर वर्तमानपत्रांना बातमी होईल. त्यांना स्वतःला हवं आहे ते एखाद्या जुन्या तळ्याच्या गाळातलं, ओळख पटेल असं, बिनपंखाचं पिल्लू. आणि त्याच्या अंगावर कल्ले होते की श्वासाची छिद्रं, एवढं पाहता येईल इतपत ते शाबूत असावं.